गूळ की साखर? आधी कप मोजा

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रण माजलं. निमित्त मामेबहिणीची दाढ. पोरगी 23 वर्षांची, सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करते, आणि हे तिचं दुसरं रूट कॅनाल. मामी म्हणाली, लहानपणीची चॉकलेटं भोवली. मावशीने कोल्ड्रिंकवर खापर फोडलं. मामाने तर निकालच दिला: साखर बंद, उद्यापासून गुळाचा चहा! कुणीतरी सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना लावायला सांगितलेल्या 'शुगर बोर्डा'ची बातमी टाकली. कशात किती साखर, ते त्यावर लिहायचं.

मी हे सगळं लुंडमध्ये, दक्षिण स्वीडनमधल्या विद्यापीठाच्या गावात बसून वाचत होतो. याच गावात व्हिपेहोल्म नावाचं मनोरुग्णालय होतं. 1945 ते 1955 या काळात तिथल्या मतिमंद रुग्णांवर दातांचे प्रयोग झाले. काहींना जेवणात भरपूर साखर दिली, काहींना दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या. त्यांची संमती घेण्याचा प्रश्न कुणाला पडला नाही, आणि पैशात मिठाईवाल्यांचाही वाटा होता. निष्कर्ष असा निघाला की जेवणाबरोबरच्या साखरेने फारसं बिघडलं नाही. मधल्या वेळच्या, दाताला चिकटून राहणाऱ्या गोडाने मात्र दात भराभर किडले. आता त्या जागी शाळा आहे. समोरून सायकलने जाताना मला अजून कसंसंच होतं.

त्यातूनच स्वीडनमध्ये 'लोर्दाग्सगूदिस' रुजलं, म्हणजे शनिवारचा खाऊ. (गूदिस म्हणजे गोड खाऊ; आपल्या 'गोड'शी नातं मात्र नाही.) शनिवारी पोरं दुकानात खोक्यांतून हवा तो खाऊ कागदी पिशवीत भरतात. खातातही भरपूर, पण एकदाच. बाकी स्वीडिश माणूस साखरेचा संन्यासी वगैरे मुळीच नाही. दालचिनीचे बन कॉफीबरोबर रोज दिसतात.

माझी दाढ इथेच ठणकली, 26 व्या वर्षी. डेंटिस्टने मी काय खातो ते विचारलंच नाही. "दिवसातून किती वेळा?" एवढंच. मी अभिमानाने सांगितलं, मिठाई नाही, चॉकलेट नाही. मग चहा मोजायला लागलो: सात. प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि लॅपटॉपसमोर एकेक कप पाऊण तास पुरवायची सवय. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात, ते दाताच्या कवचातली खनिजं विरघळवतं, आणि लाळेला ते निस्तरायला अर्धा-एक तास लागतो. माझी लाळ निस्तरत होती तोवर पुढचा घोट येत होता. बिल पाहून कळ दाढेतून खिशात गेली: इथे दातांचे उपचार तरुणांना 23 व्या वर्षापर्यंत मोफत असत, 2025 पासून ती मर्यादा 19 वर आली, आणि मी दोन्हींच्या पलीकडचा.

म्हणून मामाचा गूळ मला पटत नाही. गुळातही मुख्यत्वे सुक्रोजच, म्हणजे साखरच, जिवाणूंना त्याचं वावडं नाही. उलट आजीच्या पंगतीतलं श्रीखंड बरं. ते पानातच यायचं, वरणभाताबरोबर पोटात जायचं, आणि उठल्यावर चूळ भरावीच लागायची. बहिणीच्या दिवसात पंगत कुठली? सकाळी अमृततुल्यात चहा-क्रीमरोल, अकराला चहा, चारला चहा-बिस्किट, रात्री अभ्यासिकेतून खाली उतरून पुन्हा कटिंग. तिची साखर मिठाईवाल्याच्या मुलीपेक्षा कमी भरेल, वेळा जास्त. 'शुगर बोर्डा'वर चमचे लिहिता येतात, या वेळा कुठल्या रकान्यात मांडणार?

ग्रुपवर हे सगळं लिहिलं. मामाने अंगठा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी गुळाच्या चहाचा फोटो टाकला. बहिणीने वेगळा मेसेज केला, "दादा, मग रात्री अकराला झोप उडवायला काय पिऊ?"

"बिनसाखरेचा चहा," मी लिहिलं.

तिने ओकारी आलेला हिरवा चेहरा पाठवला.