'वहिनी, चिल!' म्हणणाऱ्यांनो, गाडीची किल्ली इकडे द्या

घर आमचं, खर्च आमचा, दुपारपासून मटणाच्या पातेल्यापाशी उभी मी. आणि रात्री साडेबाराला सगळ्यांचा मूड घालवला कुणी? तर म्हणे मी! कारण मी गाडीची किल्ली मागितली.

गटारी दरवर्षी आमच्याकडेच असते. नवऱ्याचे कॉलेजातले मित्र, त्यांच्या बायका, पोरं, सगळं लटांबर. पिण्याला माझा विरोध नाही, मीही घेते. पण 'घरीच तर बसलोय' हे पालुपद ऐकलं की माझं टाळकं सटकतं. अरे बाबांनो, घरी मी बसलेय. तुमचं घर वाकडला आहे आणि आम्ही राहतो कोथरूडला. मधला रस्ता तुम्ही काय पालखीतून जाणार आहात?

यांचा हिशोब तर ऐकण्यासारखा असतो. 'मी फक्त बिअर घेतलीये गं.' फक्त? साडेसहाशे मिलीची आठ टक्केवाली स्ट्राँग बाटली म्हणजे व्हिस्कीचे तीस-तीस मिलीचे चार लहान पेग होतात. गुणाकार करून बघा, चौथीतल्या पोराला जमेल. दुसरा म्हणतो, 'तीनच घेतले.' हो, पण साठ-साठचे! म्हणजे सहा लहान. शरीर तासाला साधारण एक लहान पेग उतरवतं, माणूस कितीही मोठा मॅनेजर असला तरी. नऊला बसलास, बाराला उठलास, म्हणजे निम्मी अजून रक्तातच आहे. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. ती ओलांडायला तेवढी सहज पुरते. वर लिंबू पिळ, काळी कॉफी दे, तोंडावर पाणी मार. त्याने झोप जाईल रे, दारू जात नाही.

आणि जेवायचं नाव काढलं की अंगावर येतात. 'वहिनी, आत्ताच कुठे बसलोय!' रिकाम्या पोटी भराभर चढते म्हणून मी साडेनऊला पानं मांडायचं म्हणत होते, भाकऱ्या गरम होत्या. पण यांना शेंगदाणे आणि मसाला पापड यांवर मध्यरात्र गाठायची असते. मग बाराला वाकडेतिकडे बसून दोन घास चिवडतात आणि 'रस्सा जरा गार झाला, नाही?' असं विचारतात. मला!

पण या वेळी कळस झाला तो कोल्ड्रिंकच्या बाटलीचा. मुलांसाठी दोन लिटरची बाटली आणलेली. कुणा शहाण्याने ती अर्धी रिकामी करून त्यात रम ओतली, बूच लावलं आणि परत फ्रिजमध्ये, दारातल्या त्याच कप्प्यात ठेवली. का? तर सारखं उठून मिक्स करायला नको! सात वर्षांचा पोरगा स्टीलचा पेला घेऊन फ्रिजपाशी उभा होता, बूच काढलेलं होतं. मला वास आला म्हणून, नाहीतर एवढ्याशा जिवाला ते केवढ्याला पडलं असतं! दारूने लहान मुलांच्या रक्तातली साखर एकदम खाली जाते, फिट येऊ शकते. मी ओरडले तर हॉलमधून उत्तर काय आलं? 'अरे, नशीब चाखलं नाही, नाहीतर बाटली संपवली असती पठ्ठ्याने!' आणि हशा. त्या हशात पोराचा बापही होता.

तिकडे एकाने आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात कॅन दिलेला. 'बाहेर पिण्यापेक्षा आपल्यासमोर प्यायलेला बरा.' महाराष्ट्रात बिअरला 21 आणि हार्ड दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, हे मी सांगितलं तर म्हणे, 'वहिनींनी एक्साइजमध्ये नोकरी धरली वाटतं!' आणि तो मुलगा बुलेटवर आलेला. हेल्मेट नव्हतंच.

तर किल्ली. हॉलमध्ये गाद्या घालून ठेवल्या होत्या, उश्यांना धुतलेले अभ्रे चढवले होते. कॅब बोलावते म्हटलं. तासावर मिळणारा ड्रायव्हर मागवते म्हटलं, पैसे मी देते म्हटलं. तर वाकडच्या मित्राचा मोठा अपमान झाला! 'मला चढलीये असं वाटतं तुला?' आणि सिद्ध करायला हा माणूस एका पायावर उभा राहिला. शू-रॅकला धरून.

याची बायको रोज स्वतः हिंजवडीपर्यंत गाडी नेते, त्या ट्रॅफिकमधून. त्या रात्री तिने थेंबही घेतला नव्हता. खांद्यावर झोपलेली मुलगी घेऊन ती दाराशी उभी होती. मी म्हटलं, तू चालव ना. तर खालच्या आवाजात म्हणते, 'जाऊ दे गं, त्याचा मूड जातो.' मूड! माझा नवरा मागून माझी बाही ओढतोय, 'कशाला वाद वाढवतेस, लहान आहे का तो?'

आणि निघताना चर्चा कशाची, तर नाकाबंदीची. 'नळ स्टॉपवरून नको, आतून काढ.' ग्रुपवर लगेच कुठे पोलीस उभे आहेत, त्याचे मेसेज सुरू. म्हणजे आपण किती प्यायलोय ते पक्कं माहीत आहे यांना! दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत किंवा दोन्ही, मोटार वाहन कायद्याचं कलम 185 तोंडपाठ आहे. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या धडकेत दोन इंजिनिअर पोरं गेली, तेव्हा हेच लोक महिनाभर स्टेटसवर मेणबत्त्या लावत होते. त्या मुलाला जामीन देताना निबंध लिहायला सांगितला, त्यावर सगळ्यात कडक विनोद यांचेच होते. स्वतःच्या हातात स्टिअरिंग आलं की ती बातमी दुसऱ्याची.

सकाळी आठला मेसेज आला. 'पोचलो बघ व्यवस्थित. उगाच टेन्शन घेतेस!' सोबत डोळा मारणारा चेहरा. नवऱ्याने तो मला वाचून दाखवला, वर 'बघ' असंही म्हणाला. काय बघू? रात्री एकला चांदणी चौकात तुझ्या आडवं कुणी आलं नाही, हे बघू?

आता ऐका. 31 डिसेंबरला आमच्याकडेच येणार आहात, मला माहीत आहे, कारण तुमच्यापैकी एकाच्याही घरी बारा माणसांची भांडी घासायची कुणाची तयारी नाही. येताना रिक्षाने या, नाहीतर ती थेंबही न घेणारी बायको गाडी चालवेल. गाडी घेऊन आलात तर किल्ली दारातच माझ्या हातात पडेल, मग आत चकली मिळेल. जेवण साडेनऊला. पोरांची बाटली मी फोडणार आणि माझ्याच नजरेसमोर राहणार. आणि 'वहिनी, चिल' म्हणणारा पहिला माणूस त्या रात्रीची सगळी पातेली घासेल. मटणाचं धरून.