एक फेज चांगला हाय की ओ!

बेळगावातल्या वडगावच्या एका विणकराची एक हॉर्सपॉवरची मोटार परवा गॅरंटीवर परत आली आणि तिचा निकाल अण्णांनी लावला. दुकान माझं, वीजगळती तपासायचा मेगर माझा, वाइंडिंग माझं, खरं निकाल अण्णांचा. हे अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

पंचेचाळिशी उलटल्यावर ऑफिसची खुर्ची सोडली आणि शहापुरात मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान टाकलं, एवढी पूर्वपीठिका पुरे. का सोडली, हे सांगून उपयोग नाही. लोकांकडे चार कारणं तयार असतात: अफरातफर, साहेबाशी भांडण, बायपास, नाहीतर मुलगा परदेशात चिकटला. 'हे काम आवडतं' असं पाचवं कारण सांगितलं, की समोरचा खुर्ची जवळ ओढतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "ते असू दे ओ, किती लाखाचं प्रकरण होतं?"

अण्णा सरकारी खात्यातून निवृत्त आहेत. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की ते स्टुलावर, मध्ये जेवण आणि झोप, संध्याकाळी परत स्टुलावर. पेपर माझा, चहा माझा. कामाला हात लावत नाहीत हे उपकारच, पण गिऱ्हाईक आलं की पेपर खाली करून माझी ओळख करून देतात. "हे काय साधे मेस्त्री नव्हेत. आधी मोठ्या ऑफिसात अकौंटंट होते." त्यांच्या मते ही माझी जाहिरात. गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं, मग टेबलावर ठेवलेल्या मोटारीकडे, आणि म्हणतं, "जरा पुढं बघून येतो." पंधराएक किलोचं धूड परत बगलेत मारून माणूस भर उन्हात चालता होतो. हे माझं वर्णन अण्णा प्रेमानं करतात, हीच तर पंचाईत.

अण्णांना दुसरा नाद अपूर्णांकांचा. कर्नाटकात 2024 साली दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं. मी निमूटपणे नवी पाटी रंगवायला दिली. वर कन्नड, खाली मराठी, कोपऱ्यात इंग्रजी. पाटी आली तशी अण्णांनी टेप मागवला. कन्नड भाग लांबी गुणिले उंची, मराठी भाग लांबी गुणिले उंची, मधली मोकळी जागा कोणाच्या नावावर धरायची, यावर त्यांनी पेंटरला एक तास उभा केला. शेवटी मोकळी जागा त्यांनी 60:40 वाटून दिली. सीमाप्रश्न याच माणसाकडे सोपवायला हवा होता. तो सुटला नसता, पण दोन्ही बाजू दमून घरी गेल्या असत्या.

आता कामाचं. लोकांना वाटतं वाइंडिंग म्हणजे तार गुंडाळणं. अर्धं काम कारकुनी आहे, आणि हे मी स्वतःची समजूत काढायला सांगत नाही. जळकी मोटार उघडल्यावर आधी हातात घ्यायची ती छिन्नी नव्हे, वही. नेमप्लेटवरचे व्होल्ट, अँपिअर, फेरे. स्लॉट, म्हणजे तार भरायच्या खाचा किती, कॉइल कितव्या स्लॉटातून निघून कितव्यात जाते, एका कॉइलला वेढे किती, तार एकेरी की दुहेरी, कनेक्शन स्टार की डेल्टा (तीन फेजच्या, म्हणजे विजेच्या तीन तारांच्या, कॉइल जोडायच्या दोन रीती), लीड कुठल्या बाजूनं बाहेर. हे टिपायच्या आधी कॉइल तोडली की मोटार मुकी झाली. मग कितीही उस्ताद असा, अंदाजानंच भरायची.

या मागाच्या मोटारीवर 960 फेरे लिहिलेत, म्हणजे 6 पोल (चुंबकी ध्रुव). 50 हर्ट्झच्या विजेवर 6 पोलांचं चुंबकी क्षेत्र मिनिटाला 1000 फेरे मारतं आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्याच्या मागं 40 फेऱ्यांनी रेंगाळतो. त्यानं गाठलं तर जोरच तयार होणार नाही. साहेबाच्या जरा मागं राहण्यातच नोकरी असते, हे मला ऑफिसात कळायला फार वर्षं लागली. रोटरला ते जन्मतःच ठाऊक असतं. स्लॉट 36, म्हणजे पोलामागे 6, त्यातले प्रत्येक फेजला 2. हा हिशेब वहीत जुळला, तरच पुढं जायचं.

तारेचा गेज ही दुसरी मेख. आकडा वाढतो तशी तार बारीक होते. 22 गेज म्हणजे 0.711 मिलिमीटर, 23 म्हणजे 0.610. मोजायच्या आधी तारेवरचा इनॅमलचा लेप जाळून पुसून घ्यायचा, नाहीतर मायक्रोमीटर वार्निशच मोजतो आणि एक गेज जाड तार मागवून बसता, जी स्लॉटात मावत नाही. उलट चूक जास्त होते, आणि बऱ्याचदा ती चूक नसते. 22 च्या जागी 23 भरली की तांबं पाव भागाहून जास्त कमी लागतं, भरायला सोपं जातं, मोटार टेबलावर झकास फिरते, गिऱ्हाईक खूश. एप्रिलमध्ये पूर्ण लोडवर ती तापते, तोवर गॅरंटी संपलेली असते. जुनी कॉइल चटकन निघावी म्हणून स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा पत्र्यांचा भाग, गॅसच्या भट्टीत भाजून काढणारेही आहेत. त्यात पत्र्यांच्या मधलं इन्सुलेशन जळतं आणि नवीन तांबं घालूनही मोटार जन्मभर गरम चालते. छिन्नीनं एका बाजूचे कॉइल पत्र्यालगत छाटून दुसऱ्या बाजूनं ओढायला वेळ लागतो. तो वेळ बिलात दिसत नाही, म्हणून कोणी घेत नाही.

स्लॉटात नवा कागद घालताना दोन्ही टोकांना थोडा बाहेर ठेवायचा, नाहीतर तार पत्र्याच्या धारेवर घासून अर्थ होते, म्हणजे वीज मोटारीच्या अंगात उतरते. कॉइल भरायची ती चार-सहा तारा एका वेळी, बांबूच्या किंवा फायबरच्या पट्टीनं. स्क्रूड्रायव्हर लावला की इनॅमल खरवडला. उतारवयातल्या नवशिक्याला इथं खरा अडसर डोळ्यांचा. स्लॉटचं तोंड दोन-तीन मिलिमीटरचं. चाळिशीचा चष्मा लावला तर तार दिसते आणि वहीही दिसते, फक्त समोर उभं असलेलं गिऱ्हाईक धूसर होतं. ते मात्र सोयीचं आहे.

मग बांबूच्या चिपा, जोडावर स्लीव्ह, दोऱ्यानं बांधणी, 500 व्होल्टच्या मेगरनं तपासणी, शेवटी वार्निश आणि वाळवणी. ओव्हन नसलेल्या दुकानात स्टेटरमध्ये 200 वॅटचा पिवळा बल्ब सोडून वर पत्रा झाकायची पद्धत. आता तो बल्ब शोधावा लागतो. एलईडी आल्यापासून देशाची वीज वाचली आणि आमचं वार्निश ओलं राहिलं. त्यात बेळगावचा जून ते सप्टेंबर. भिंतीला बुरशी, कपड्याला वास, आणि गिऱ्हाईक विचारतं, "संध्याकाळपर्यंत होतंय न्हवं?"

एवढं सगळं करून दिलेली ही मोटार. परत आली, उघडली, आणि मला जरा आनंदच झाला. तीनपैकी दोन फेजच्या कॉइल काळ्याकुट्ट, तिसऱ्या फेजच्या सोनेरी, जशा मी भरल्या तशा. अशी स्टारमधली मोटार दुसरी काही साक्ष मागत नाही. जास्त लोडनं किंवा कमी व्होल्टेजनं जळली तर तिन्ही फेज सारखे काळे होतात. इन्सुलेशन कच्चं असेल तर एखाद्या जागी ठिपका पडतो. दोन काळे आणि एक कोरा, म्हणजे मागाला एक फेज आलाच नाही.

"फ्यूज बघिटलासा काय?" मी विचारलं.

"फ्यूज नवा घातलोय की ओ."

"कधी?"

"मोटार जळल्यावर."

"म्हणजे आधी उडाला होता."

"उडाला असंल. खरं दोन हुते की ओ!"

दोन होते, तेच तर मरण. चालत्या मोटारीचा एक फेज गेला तरी ती थांबत नाही. गुरगुरत चालते, उरलेल्या दोन फेजमधला करंट तेवढ्याच लोडला पावणेदोन पट होतो आणि उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे तिप्पट. बंद केलेली मोटार मग परत सुरू होत नाही, नुसती हुंकार भरते.

"बंद पडली तवा काय केलासा?"

"पोरगं हातानं पुली फिरवून देत हुतं. फिरायची की ओ, झ्याक!"

मी अण्णांकडे बघितलं. न्याय मिळेल अशी आशा होती. त्यांनी पेपरची घडी घातली.

"तीनातला एक चांगला आहे?"

"हो."

"मग झालं तर. एक चांगला राहिला, तेवढं तुमचं काम चांगलं. दोन जळले, तेवढं वाईट. एकाचे पैसे ह्यांनी द्यायचे, दोन तुम्ही फुकट भरायचे."

"अण्णा, ते दोन ह्यांच्या फ्यूजमुळं जळले."

"बरं, मग उलटं. दोनाचे ह्यांनी द्यायचे, एक तुम्ही फुकट भरायचा."

"एक जळलाच नाही!"

"मग तो भरायचाच कशाला? दोनच भरा, दोनाचेच घ्या."

"हां!" विणकर म्हणाला. "एक फेज चांगला हाय की ओ!"

मी समजावलं. तिन्ही फेजच्या कॉइल एकमेकींवरून गेलेल्या असतात, दोघी काढताना तिसरी मोडते. मोडली नाही तरी शेजारच्या दोघी जळत असताना तिचा कागद आणि इनॅमल भाजून निघालेला असतो. ती ठेवली तर महिन्याभरात परत माझ्याच दारात. सगळंच काढावं लागतं.

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "चांगलं वाइंडिंग उपटून टाकणार? ऑफिसात पण असंच चालायचं काय ओ तुमचं?"

विणकराच्या डोळ्यांत अफरातफरीचा संशय मला स्पष्ट दिसला. चाळिशीचा चष्मा लावूनही दिसला.

मग जुन्या तारेचा प्रश्न निघाला. जळकं तांबं वजनावर विकलं जातं, म्हणून गिऱ्हाईक ती तार परत मागतं. कोणी मागतं, कोणी मेस्त्रीला सोडतं, पद्धत दुकानागणिक वेगळी. अण्णांनी पद्धत बसवली. जळक्या दोन फेजची तार मेस्त्रीची, चांगल्या फेजची चांगली तार मालकाची, कारण मजुरी दोनाची आणि तिसऱ्याला मेस्त्रीचा हात लागला नाही. मी हिशेबात खोट शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाही. इतकी वर्षं ताळेबंद जुळवलेल्या माणसासमोर अण्णांनी दोन अधिक एक बरोबर तीन असा चोख हिशेब मांडून त्याचा तिसरा हिस्सा काढून नेला, आणि बोलायला जागा ठेवली नाही.

विणकरावर राग धरवत नाही. वडगाव-शहापुरात मागावर पोट असलेल्यांचं काय चाललंय, ते बघतो आहे. एक मोटार बंद म्हणजे एक माग बंद, साडी अर्ध्यावर, सूतवाला दारात. त्यानं पैसा वाचवायला बघितलं, त्यात काय विशेष. पण एक सांगतो. ऑफिसात माझ्या सहीची नोंद वरच्या साहेबानं कधी अर्धी नामंजूर केली नाही. नामंजूर असेल तर पूर्ण, मंजूर असेल तर पूर्ण. कपडे काळे न करता बसलेल्या माणसाचं काम अख्खं धरतात. हात काळे झाले की त्याचे तुकडे पडतात, आणि ते तुकडे स्टुलावर बसलेला माणूस पाडतो, ज्यानं आयुष्यात घरचा बल्बसुद्धा इलेक्ट्रिशियन बोलावून बदलला. शिकायला पोरं येत नाहीत म्हणून सगळे हळहळतात. पोरं येतात की! आठवडाभर बसतात, हे सगळं ऐकतात आणि मोबाईलच्या दुकानात जातात.

तरी सांगायचं ते सांगितलंच. तिन्ही फ्यूजना एकाच जाडीची तार घाला. एकात बारीक, दोनात विजेच्या वायरीतले तंतू पिळून घातले की बारीकच आधी उडते, आणि पुढची कथा तुमच्यासमोर आहे. मोटार गुरगुरली की स्विच बंद, पुलीला हात लावायचा नाही. आणि स्टार्टरला एक सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा. फेज गेला की तो मोटार आपोआप तोडतो.

"त्याचं किती पडतंय?"

मी तोंड उघडायच्या आत पेपर परत खाली आला.

"जळतायत दोन फेज," अण्णा म्हणाले. "तिसऱ्याला कशाला? दोघांपुरताच मिळतोय काय, विचारून बघा की."

विणकरानं मान डोलवली आणि सायकलला टांग मारली. दोन फेजचा प्रिव्हेंटर शोधत तो आता मारुती गल्ली पालथी घालतोय म्हणे.