फूल बघून झाड घेऊ नये

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही राहत असाल आणि दारात फुलझाडं लावायची असतील, तर नर्सरीत ऑगस्टमध्ये जावं, असं माझं ठाम मत आहे. त्या दिवसांत तिथे चिखल असतो, डास असतात आणि हा माणूस इथे कशाला आला, अशा नजरेने बघणारा नर्सरीवाला असतो. पण जानेवारीत काय, सगळीच झाडं नटूनथटून बसतात. ऑगस्टच्या झोडपण्यातही ज्याचं पान तुकतुकीत आहे, तेच आपल्याकडे टिकणार.

अर्थात त्यावर फूल नसतं. मग आपण विचारतो, "याला फुलं येतात ना?" तो म्हणतो, "बारा महिने!" हेच उत्तर तो नारळाच्या रोपाबद्दलही देईल.

पहिला हट्ट गुलाबाचा. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी आत शिरते. आपल्याकडे जूनमध्ये भिजलेलं पान सुकतं सप्टेंबरात. त्याआधीच पानं गळून नुसते काटे उरतात आणि आपण त्या काट्यांना निष्ठेने शेणखत घालत राहतो.

अनंत त्याहून फसवा. त्याला आंबट माती लागते, आणि जांभ्याची माती असतेच आंबट. मग घोडं अडतं कुठे? आपण तो लावतो नव्या घराच्या भिंतीला चिकटून, जिथे गवंड्याने उरलंसुरलं सिमेंट पुरलेलं असतं. त्यातल्या चुन्याने मातीची आंबटाई मरते, लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडतात. हिरव्या राहतात त्या फक्त शिरा. पाणी कमी पडलं म्हणून आपण आणखी पाणी ओततो. पानं आणखी पिवळी. भिंतीपासून मीटरभर लांब, राडारोडा उपसून लावा. पिवळेपणा आलाच तर चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला 1 ग्रॅम घेऊन ऊन उतरल्यावर पानांवर फवारा.

पण झाडं मरतात ती बहुतेक मुळाशी. नर्सरीतली बरीच झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रक भरून येतात, आणि त्यांच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. पिशवी फाडून तो तसाच पुरला की पावसाळ्यात गोळ्यात पाणी कोंडतं आणि मुळं कुजतात. उन्हाळ्यात पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं, आत ठणठणीत कोरडं. झाड दोन महिने छान दिसतं आणि मग आठवड्याभरात माना टाकतं. दोष जातो शेजारणीच्या नजरेला.

हा गोळा बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावा, बाहेरची बोटभर माती हलक्या हाताने सोडवावी आणि गोल गोल फिरलेली मुळं कात्रीने कापावीत. खड्डा दीड फुटाचा पुरे. माती 2 घमेली, कुजलेलं शेणखत 1, वाळू 1. झाड मात्र भरलेल्या खड्ड्यावर सहा इंचांचा उंचवटा करून त्यावर बसवायचं. आपल्याकडे जुलैतलं आळं म्हणजे तळंच!

बोगनवेलीचं गणित उलटं. तिला 6 तास ऊन आणि थोडी उपासमार लागते. पाऊस सरला की पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की मगच द्यायचं. रोज संध्याकाळी मायेने पाईप धरलात तर पानंच पानं मिळतील.

जास्वंदीत बशीएवढ्या फुलाची हायब्रीड जात बघून सगळेच पाघळतात. पिठ्या ढेकूणही, म्हणजे झाडाला चिकटणारी ती कापसासारखी पांढरी कीड. त्यांच्या राखणीला मुंग्या येतात, कारण ढेकणांचा गोड पाझर त्यांना मिळतो. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबतेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, पानांच्या मागच्या बाजूने, आठवड्याच्या अंतराने तीनदा. त्यापेक्षा गावठी पाच पाकळ्यांची लाल जास्वंद घ्या. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी पहिल्या पावसात खोचली की जगते. नर्सरीवाला ती दाखवत नाही, कारण तिचे पैसे कोणी देत नाही.

तगर आणि एक्झोराबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, हाच त्यांचा मोठेपणा.

उरला प्रश्न पहाटे साडेपाचचा. आकडीची काठी आणि कॅरीबॅग घेऊन फिरायला निघणारी मंडळी कुंपणालगतची जास्वंद तुमच्या नजरेला पडू देत नाहीत. काही तर आदल्या संध्याकाळी कळ्याच नेतात. विचारलं तर "देवासाठी हो!" देवापुढे काय बोलणार? म्हणून कुंपणाला बोगनवेल लावावी. तिला काटे आहेत, शिवाय ती कोणी देवाला वाहत नाही. जास्वंद आणि तगर मागीलदारी. एक्झोराकडे अजून काठी वळलेली नाही. मात्र गणपतीच्या आदल्या आठवड्याची हमी मी देत नाही.