वेल्डरचा हात जप्त कसा करावा

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या शेडमालकाला भरदुपारी छातीत धस्स झालं, तर कारणं दोनच असतात. एक तर वीजबिल आलेलं असतं, नाहीतर सोडून गेलेल्या वेल्डरने स्वतःचा गाळा घेतलेला असतो. वीजबिलावर माझ्याकडे औषध नाही. दुसऱ्या दुखण्याचा मात्र बराच अनुभव आहे, कारण मी पाइप विकतो. मालकाला विकतो, सोडून गेलेल्यालाही विकतो. काट्यावर पाइप चढवून वजन होईपर्यंत माणूस दुकानात उभा राहतो, आणि उभा राहिला की बोलतो.

तर धरून चालू, तुम्ही मालक आहात. तुमच्याकडे नऊ वर्षं एक पोरगा होता. आयटीआय करून आला तेव्हा त्याला वेल्डिंगचा होल्डरसुद्धा धरता येत नव्हता, असं तुम्ही हल्ली चारचौघांत सांगता. सांगत राहा, उपयोगी पडेल. तुमचं मूळ काम कारखान्यांना ट्रॉल्या आणि रॅक पुरवायचं. एके दिवशी कुठल्याशा कंपनीच्या साहेबांनी परदेशवारीतला फोटो दाखवला. मागे माणूस पायडल मारतोय, त्याच्यापुढे लांबलचक पेटी आणि पेटीच्याही पुढे एक बुटकं चाक. साहेब म्हणाले, असल्या दहा मालवाहू सायकली करून द्या, प्लांटमध्ये माल फिरवू. तुम्ही फोटोची रंगीत प्रिंट काढलीत, पोराच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हे बनव." एवढं झालं आणि तुम्ही चहा प्यायला गेलात. त्या पोराला पाठवायच्या नोटिशीत या प्रसंगाला 'कंपनीने दीर्घ संशोधनाअंती विकसित केलेले डिझाइन' असं म्हणायचं आहे. शब्द पाठ करून ठेवा.

त्या पोराने काय केलं तेही तुम्हाला ठाऊक असायला हवं, वकील विचारील. पहिली सायकल रिकामी असताना शहाण्यासारखी चालायची आणि टोमॅटोचे चार क्रेट, म्हणजे ऐंशी किलो, ठेवले की नागिणीसारखी वळवळायची. या सायकलीत हँडल एकीकडे आणि पुढचं चाक धरणारा चिमटा पार दुसरीकडे. मध्ये पेटीखालून एक दांडी जाते, ती हँडलचं म्हणणं चिमट्याला पोचवते. दांडीच्या टोकाच्या सांध्यात केसभर ढिलाई राहिली की पुढच्या चाकाला ती बोटभर होते. त्यात फ्रेम लांब. पातळ गोल पाइपची केली तर ओझ्याखाली ओल्या टॉवेलासारखी पिळते. पोराने दोन फ्रेमा भंगारात घातल्या. तिसरीला खालून ३८ बाय ३८ मिलिमीटरचा चौकोनी पाइप कण्यासारखा टाकला, दांडीला दोन्ही टोकांना बेअरिंगचे सांधे बसवले, आणि रात्री साडेनऊला शेडच्या बाहेर एक हात सोडून चालवून दाखवली. तुम्ही तेव्हा घरी होतात.

दोन भंगार फ्रेमांच्या पाइपचे पैसे तुम्ही त्याच्या ओव्हरटाइममधून वळते केलेत. मला कसं ठाऊक? पाइप माझ्याकडचा होता, आणि बिलाची झेरॉक्स मागायला तोच आला होता. म्हणजे दीर्घ संशोधनाचा खर्चही संशोधकानेच केला. ही ओळ नोटिशीत घालू नका.

पुढचं थोडक्यात. दहा सायकली गेल्या, अकरावी कोणी मागितली नाही. तुम्ही म्हणालात, सायकलीत काय ठेवलंय. पोराने पगार वाढवून मागितला. तुम्ही म्हणालात, दिवाळीनंतर बघू. कुठल्या दिवाळीनंतर ते तुम्ही सांगितलं नाही, म्हणून त्याने महिनाभर आधी लेखी कळवून नोकरी सोडली, मागच्या गल्लीत अर्धा गाळा भाड्याने घेतला आणि मालवाहू सायकली बनवायला लागला. एक पाववाल्याला दिली, एक रोपवाटिकेला, एक कुल्फीवाल्याला. मग पेपरात त्याचा फोटो आला, आणि तुमचा राग नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत चढला. गोदावरी तिथवर चढली की आख्खा सराफ बाजार आणि भांडी बाजार माल वर हलवायला लागतो. तुम्ही वकिलाकडे गेलात.

वकील निवडताना एक पथ्य पाळा. १८७२ सालचा करार कायदा आणि त्याचं २७ वं कलम ज्याने वाचलंय त्याच्याकडे चुकूनही जाऊ नका. कोणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, असं ते कलम म्हणतं. तुम्ही स्वतःचा चालता धंदा नावलौकिकासकट विकलात तर विकत घेणारा तुम्हाला थोडंफार बांधून ठेवू शकतो, ही सवलत त्यात आहे. पण त्या पोराने तुम्हाला काही विकलेलं नाही, पगाराच्या बदल्यात दिवस दिले होते. नेमणूकपत्राच्या चौथ्या पानावर 'नोकरी सोडल्यावर तीन वर्षे तत्सम काम करणार नाही' असं बारीक अक्षरात आहे खरं. श्रीरामपूरच्या झहीर खानच्या बाबतीत २००६ साली हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्याचं जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीला करार संपल्यावरही त्याच्यावर हक्क हवा होता. मुदत संपल्यावर असं बंधन चालत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आता तो डावखुरा जलदगती गोलंदाज होता आणि तुमचा पोरगा उजवा वेल्डर आहे, एवढा फरक धरून लढून बघायला हरकत नाही. पानामागे पैसे घेणारा वकील लढेल.

हो, त्याने तुमची ड्रॉइंगं पेनड्राइव्हवर चोरून नेली असती, किंवा ग्राहकांची यादी आणि दरपत्रक उचललं असतं, तर तुमची बाजू खरोखर भक्कम होती, आणि मीही त्याला उधार दिलं नसतं. अडचण एवढीच की ड्रॉइंगच नव्हतं. जमिनीवर खडूने आखलं होतं, दुसऱ्या दिवशी मावशींनी झाडून काढलं.

नोटिशीत मागण्या भरपूर असाव्यात. डिझाइन परत करा, जिग, म्हणजे पाइप धरायचा साचा, परत करा, ग्राहक परत करा. शेवटी जाड अक्षरात: 'आमच्या आस्थापनेत संपादन केलेले कौशल्य वापरणे तात्काळ थांबवावे.' ही मागणी मला फार आवडली, फक्त अंमलबजावणीचं आधी ठरवून घ्या. हात कुठून जमा करायचा, मनगटापासून की कोपरापासून? कोपरापासून म्हणाल तर खालचा हात त्याच्या आईवडिलांचा, त्यांनाही पक्षकार करावं लागेल. आणि कोर्टाच्या बेलिफाने आणून दिलेला हात ठेवणार कुठे? स्टोअरला? एंट्री 'टूल्स'मध्ये टाकायची की 'कन्झ्युमेबल्स'मध्ये?

डिझाइनची मालकी हा वेगळाच विषय आहे, तिथे जरा मोठं मन लागेल, कारण एक नोटीस परदेशी पाठवावी लागणार. पुढे बुटकं चाक, मध्ये पेटी आणि खालून दांडी हा प्रकार डेन्मार्कमध्ये १९२० च्या दशकात रस्त्यावर होता. त्याला 'लाँग जॉन' म्हणतात. तिथले निरोपे आणि दुकानांची पोरं त्यावरून माल वाहायची. हॉलंडमध्ये पेटीच्या सायकलीला 'बाकफिट्स' म्हणतात आणि त्यात पोरं बसवून शाळेत नेतात. पेटंट आपल्याकडे २० वर्षं टिकतं. डिझाइनची नोंदणी केलीत तर १० वर्षं, वर मागितली तर आणखी ५. दोन्हीकडे वस्तू नवीन असावी लागते. शंभर वर्षांची गोष्ट नवीन म्हणून दाखल करणं अवघड आहे, पण आपल्याकडे अशक्य असं काही नसतं, तुम्ही जुन्या ट्रॉल्यांना रंग मारून काय केलंत ते मला माहीत आहे.

परदेश कशाला? आपल्या जुन्या नाशकात पाववाल्याची पत्र्याच्या ट्रंकेची सायकल, दूधवाल्याची किटल्यांची, सिलिंडरवाल्याची दोन्ही बाजूंनी आकडे लावलेली, या सगळ्या मालवाहूच. भद्रकालीच्या बोळात छोटा हत्ती अडकला की मागचे सगळे हॉर्न वाजवतात आणि पाववाला सायकल तिरकी करून निघून जातो. त्यालाही नोटीस पाठवायची राहिली आहे तुमची.

आता एक नाजूक गोष्ट. खंडेनवमीला तुमच्या शेडमध्ये मशिनांची पूजा होते, कामगारांना पेढे वाटले जातात आणि तुम्ही भाषण करता. दरवर्षी तेच. १९९४ साली सातपूरच्या शेडमधली फोरमनकी लाथाडून बाहेर पडलो, एक भाड्याचं वेल्डिंग मशीन, खिशात साडेतीनशे रुपये, पण हातात कला होती! इथे टाळ्या पडतात. तर यंदा हे भाषण करू नका. आजारी पडा, किंवा मुलाला करायला सांगा. तुम्ही सातपूर सोडलंत तेव्हा त्या मालकांनीही आमच्या दुकानात येऊन 'माझी ट्रॉली चोरली' म्हणून आरडाओरडा केला होता. गल्ल्यावर तेव्हा माझे वडील होते. त्यांनी त्यांना चहा पाजला, आणि संध्याकाळी तुम्हाला दहा नग पाइप उधारीवर दिले. ते सातपूरचे मालक आता नाहीत, पण त्यांनी ज्याच्यावर बसून शिव्या दिल्या तो स्टूल अजून आहे. परवा तुम्ही त्याच्यावरच बसला होतात.

नोटिशीने भागलं नाही तर गिऱ्हाईकांकडे जा. तुम्ही त्या पाववाल्याला फोन केलात तो प्रकार मी ऐकला. तुम्ही म्हणालात, ही सायकल चोरीच्या डिझाइनची आहे. त्याने विचारलं, तुमच्याकडेही बनते का? तुम्ही अभिमानाने हो म्हणालात. त्याने भाव विचारला. तुम्ही सांगितलात. त्यानंतर तो पुन्हा मागच्या गल्लीत गेला आणि भावाच्या बेकरीसाठी दुसरी सांगून आला. अशाने त्या पोराला जाहिरातीचा खर्च उरलेला नाही. तुमचा फोन गेला की दोन दिवसांत ऑर्डर येते असा त्याचा हिशेब बसलाय.

आरटीओकडे तक्रार करायचं तुमच्या डोक्यात होतं. करा, पण त्याची सायकल निव्वळ पायडलची आहे, तिला नंबरप्लेट कुठली लावणार? उद्या सिंहस्थाच्या गर्दीसाठी त्याने मोटर बसवायची म्हटली तरी पोरगा नियम वाचून बसलाय. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत आणि तपासणी संस्थेचा शिक्का, म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम तिला मोटार वाहन धरत नाहीत. तो सध्या फ्रेम ६० च्या आत बसवायला पाइप अर्धा-अर्धा किलोने मोजून नेतो. मला काट्याचा त्रास होतो, पण असो.

शेवटचा उपाय म्हणून तुम्ही मला फोन केलात: त्याला पाइप देऊ नकोस. मी म्हणालो, उद्यापासून बंद. दुसऱ्या दिवशी रविवार होता, दुकान बंदच होतं. शब्द पाळला. सोमवारचं तुम्ही काही बोलला नव्हतात. माझीही बाजू समजून घ्या. तुम्ही टनाने नेता आणि चौथ्या महिन्यात चेक देता, तोही पुढच्या तारखेचा. तो दोन-चार नग नेतो आणि जागेवर मोबाइल स्कॅन करतो. तुमच्याविषयी आदर आहेच, पण आदर बँकेत भरता येत नाही.

एवढं सगळं केल्यावर नोटिशीला उत्तर येतं. ते उघडू नका. उघडलंत तर डिझाइनवर दोन ओळी असतील आणि बाकी पानभर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याला मालकाने द्यायची रक्कम. तुम्ही विसरलात, त्याच्या वकिलीणबाई विसरल्या नाहीत. दहा माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षं सलग भरली की ती लागू होते, सोडल्यावर ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला की व्याज. मस्टरवर नऊच माणसं दाखवायची युक्ती तुम्हाला सुचेल, पण एकदा कायदा लागू झाला की माणसं कमी झाली तरी लागूच राहतो. आणि तुमच्या खंडेनवमीच्या फोटोंत पेढे घेणारे सव्वीस जण आहेत, फोटो तुम्हीच ग्रुपवर टाकलेत.

परवा तुम्ही ते उत्तर घेऊनच दुकानात आलात. माझा कॅल्क्युलेटर मागितलात. शेवटचा पगार १८,२००, भागिले २६. सातशे आले तेव्हा तुम्ही हसलात, म्हणालात, एवढ्यासाठी एवढं? मी म्हटलं, पुढे गुणिले १५. मग गुणिले ९. चौऱ्याण्णव हजार पाचशे. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून केलंत, तेवढेच आले. मी चहा मागवला.

मग तुमची नजर काट्याकडे गेली आणि तुम्ही विचारलंत, हा पाइप कोणाचा. त्याचाच आहे. बारा नग, ३८ बाय ३८. पावती फाडून झाली होती, त्यामुळे मला काही करता आलं नाही.