सम-विषम

स्पीकर लावायला आमच्याकडे पूर्वी एक बोट पुरायचं. आता वाय-फाय लागतं, टीव्हीमागे लपवलेला तळहाताएवढा संगणक लागतो, इन्फ्रारेडची एक काळी डबी लागते, आणि शेवटी मी लागते.

सासऱ्यांनी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना अँप्लिफायर होता तोवर बरं होतं. त्याला पुढे चांगला कडक खटका होता. खटका चालू ठेवून त्याला स्मार्ट प्लगवर लावलं, की प्लगने वीज दिली की गाणं सुरू, काढली की बंद. एवढं सरळ चालल्यामुळेच बहुधा नवऱ्याला त्यात राम वाटेना. जुना माळ्यावर गेला आणि नवा आला. नव्याला खटका नाही, मऊ बटण आहे. वीज दिली की हा फक्त एक लाल दिवा लावतो आणि कुणीतरी बटण दाबायची वाट बघत बसतो. म्हणजे स्मार्ट प्लग बाद.

मग ती काळी डबी. ती रिमोटची नक्कल करते. रिमोटचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतो. हे मला माहीत आहे, कारण एक अख्खा रविवार नवरा टीव्हीच्या कपाटासमोर पालथा पडून मोबाइलमधून त्या डबीकडे टक लावून बघत होता. दूधवाला बिलाचे पैसे घ्यायला आला आणि काही न विचारता परत गेला.

डबी चालली. पण रिमोटवर चालू करायचं आणि बंद करायचं बटण एकच, आणि त्याचा संकेतही एकच. अँप्लिफायर ‘चालू हो’ किंवा ‘बंद हो’ असं काही ऐकतच नाही. तो ऐकतो ते इतकंच, की ‘आहेस त्याच्या उलट हो’. आणि उलट झाल्यावर तसं कुणाला कळवायची त्याला सोय नाही. त्यामुळे संगणक आपल्या मनाशीच हिशोब ठेवतो: सकाळी संकेत पाठवला, म्हणजे चालू, रात्री पाठवला, म्हणजे बंद. घरात फक्त संगणकच राहत असता तर हा हिशोब कधीही चुकला नसता.

आमच्याकडे सासूबाईही राहतात.

सकाळी सातला इंटरनेट रेडिओवर भक्तिगीतं आपोआप सुरू व्हायची. नऊच्या सुमारास त्यांची पोथी असते. त्या उठायच्या, दोन पावलं चालायच्या आणि अँप्लिफायरचं बटण दाबायच्या. शांत. संगणकाच्या मते मात्र स्पीकर चालूच, आणि रेडिओही आतल्या आत दिवसभर गात असायचा. आता, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वाजवायचे नाहीत, हा ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. आमचा स्पीकर घरातला असला तरी नवरा नियमवाला माणूस, म्हणून दहाच्या ठोक्याला ‘बंद’चा संकेत. तो सुटायचा. बंद असलेला अँप्लिफायर ‘उलट’ व्हायचा. आणि बरोब्बर दहा वाजता, ठाण्यातला अख्खा नौपाडा टीव्ही बारीक करत असताना, आमच्या हॉलमधून कुठल्यातरी गृहकर्जाची जाहिरात दणदणीत आवाजात सुरू व्हायची.

तोंडी हुकूम देऊन बंद करायची सोय होती. पण स्पीकर मोठ्याने वाजत असला की त्या यंत्राला माणसाचा आवाज ऐकू येत नाही. म्हणजे आवाज बंद करायला आवाजापेक्षा मोठ्याने ओरडायचं. रात्री दहाला आम्ही दोघं आळीपाळीने इंग्रजीतून ओरडायचो. समोरच्या काकूंना हे भांडण वाटायचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. शेवटी मी हाताने बटण दाबायचे. त्यामुळे त्या दिवसाचा हिशोब आपोआप जुळायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सुरळीत सुरू व्हायचं, आणि नवरा म्हणायचा, “बघ, झालं ना व्यवस्थित?”

दुपारी त्याचा ऐरोलीच्या ऑफिसातून फोन. “अगं, अ‍ॅपमध्ये स्पीकर चालू दाखवतोय. जरा बघ ना.”

“बंद आहे.”

“नक्की?”

“लाल दिवा आहे. फोटो पाठवू?”

“पाठव.”

यावर उपाय म्हणून वीज मोजणारा प्लग आला. कल्पना खरोखर चांगली होती, मी नाव ठेवणार नाही. झोपलेला अँप्लिफायर अर्धा वॅट खातो, जागा तीस-चाळीस. दहाच्या वर आकडा गेला की चालू समजायचं. अनुमान नाही, पुरावा. पण अँप्लिफायरला स्वतःचंही डोकं होतं. २० मिनिटं आवाज आला नाही की तो आपला आपण झोपतो, आणि ‘आवाज आला’ म्हणजे किती हे तोच ठरवतो. शनिवारी रात्री आम्ही अगदी हळू आवाजात मालकंस लावला. विलंबित, गायक निवांत, घाई कुणालाच नाही. गायकाची आलापी अँप्लिफायरला शांतताच वाटली असावी. सम येता येता तो झोपला. पुराव्याने संगणकाला तत्परतेने कळवलं, संगणकाने ‘घरातले झोपले’ असा निष्कर्ष काढून दिवेही घालवले.

अंधारात सासूबाईंचा आवाज आला, “लाइट गेले का रे?”

मग गणपतीत मखर नेमकं डबीच्या पुढ्यात आलं. अदृश्य प्रकाश थर्माकोलबंदी पाळून केलेल्या पुठ्ठ्याच्या देवळातून पलीकडे जाईना, आणि पाच दिवस सगळे मुकाट्याने बटण दाबत होते. त्या पाच दिवसांत कुणाची काही तक्रार नव्हती. विसर्जनानंतर नवऱ्याने डबी पुन्हा लावली, पण विलंबित प्रकरणानंतर पुराव्याचा प्लग मात्र काढून टाकला. पुन्हा मनातला हिशोब.

या वेळी मात्र दहाची जाहिरात वाजेना. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. नवरा खूश. आपण सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या कुठल्या बदलाने हे झालं, ते तो मला जेवताना समजावून सांगायचा.

मी सासूबाईंना विचारलं, “आई, तुम्ही हल्ली बटण दाबत नाही का?”

“दाबते की. पोथीला बसताना एकदा, आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी एकदा.”

“संध्याकाळी कशाला? गाणं सुरू होतं ना मग?”

“होऊ दे, तेवढं मी हळू करते. गोखले रोडच्या गल्ल्यांत गाड्या लावायची सम-विषम असते ना, तसं आहे याचं. दिवसाकाठी दोनदा दाबलं की रात्री ओरडत नाही. आणि परवा तुझी मावशी आली होती, तिने एकदा दाबलं, म्हणून मी मुद्दाम चौथ्यांदा दाबलं.”

“त्याला सांगितलंत?”

“नको गं,” त्या म्हणाल्या. “किती खुशीत आहे तो.”