राजपत्र वाचतो कोण?
'विधेयक सभागृहात मांडलं की व्यापारी संघटना जाग्या होतात' हे एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. पर्वरीला, म्हणजे गोवा विधानसभेत, विधेयक पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. खरी ओढाताण आधी मसुद्यावर होते आणि नंतर नियमांवर. 1908 पासूनच्या गोवा चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला हे पक्कं ठाऊक आहे, अर्थसंकल्पाआधीच त्यांचं निवेदन सरकारकडे गेलेलं असतं.

आमच्या म्हापशातल्या छोट्या दुकानदारांच्या संघटनेत मसुद्यांवर आणि नियमांवर लक्ष ठेवायचं काम एक निवृत्त कारकून करायचे. सरकारचे मसुदे आणि नियम ज्यात छापून येतात ते गुरुवारचं राजपत्र, तेही इंग्रजीतलं, चष्मा कपाळावर चढवून गल्ल्याशेजारी बसून वाचायचे आणि कामाच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारायचे. एकदा हरकतींची मुदत संपायला चारच दिवस असताना त्यांनी शुल्कवाढीचा मसुदा पकडला. रातोरात पत्र टाईप करून आम्ही आमदाराला घरी गाठलं. वाढ टळली नाही, पण टप्प्याटप्प्याने झाली. ते वारल्यापासून राजपत्राकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, नवीन नियम आम्हाला कळतो तो दंडाची पावती हातात पडल्यावर.