खुलासा: जुना बॅटमॅन रद्द झालेला नाही

नागपुरातल्या कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘डीसीनं बॅटमॅनला गरीब केलं, आधीची कथा रद्द, जुने अंक विकून टाका.’ डीसी म्हणजे बॅटमॅनचे कॉमिक्स काढणारी कंपनी. हे साफ चुकीचं आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ ही लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार निक ड्रॅगोटा यांची मालिका वेगळ्याच विश्वात घडते. तिथला ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, मूळ कथेतल्यासारखा अब्जाधीश नाही. वडील शिक्षक होते, आई मार्था जिवंत आहे. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह काढलं की त्याची कुऱ्हाड होते! मला तर हा बॅटमॅन मनापासून आवडला. पैशाचं पाठबळ नसल्यानं त्याची प्रत्येक मारामारी जिवावरची वाटते.

पण श्रीमंत ब्रूस कुठेही गेलेला नाही. त्याची मुख्य मालिका सुरूच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिचे अंक पुन्हा १ पासून मोजायला घेतले, लेखक मॅट फ्रॅक्शन. गोंधळ बहुधा यामुळेच वाढला असावा. क्रमांक नवा असला, तरी मागचा इतिहास कायम आहे.

तेव्हा कृपा करून बर्डीच्या बाजारात जाऊन जपलेले अंक रद्दीच्या भावात देऊ नका, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका.